प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : प्रॉक्सीपाशी अडलेलं नेट

या वेळच्या पत्रांपैकी सहा पत्रं प्रॉक्सीबद्दलची आहेत, म्हणून सदर तिलाच देऊन टाकलं. वर्गात दुसऱ्याच्या नावाने 'हजर' म्हणतात ती प्रॉक्सी आणि ही प्रॉक्सी यांत तत्त्वाचा फरक नाही. तुमचा ब्राउझर संकेतस्थळाकडे स्वतः जात नाही, तुमच्या वतीने प्रॉक्सी जाते आणि पान आणून देते. त्यामुळे वाटेचे तीन तुकडे पडतात : टेबलापासून प्रॉक्सीपर्यंत, प्रॉक्सीच्या पोटात, आणि प्रॉक्सीपासून बाहेर. 'नेट स्लो आहे' ही तक्रार तिन्ही तुकड्यांना सारखीच लागू होते, म्हणून तिच्यावरून काहीच कळत नाही. वेळ कुठल्या तुकड्यात जातोय ते आधी मोजायचं, हात नंतर लावायचा.

आज्ञा आणि फाइलींची नावं आम्ही नागरीत छापतो. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करावीत.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षात २२ संगणक आहेत. मुलांनी नको त्या साइट उघडू नयेत म्हणून एका जुन्या संगणकावर (४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क) लिनक्स आणि स्क्विड (प्रॉक्सीचं काम करणारा प्रोग्रॅम) बसवलं आहे. गेल्या वर्षी तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड काढून १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं. तरीही कुठलंही पान उघडताना आधी पाच-दहा सेकंद काहीच होत नाही, मग एकदम सगळं येतं. त्याच राउटरच्या वाय-फायवर मोबाइल मात्र पळतो. स्क्विडच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) साठ-साठ हजारांचे आकडे दिसतात. कॅशे (आणलेली पानं साठवण्याची जागा) वाढवून १०० जीबी केली, मुलांच्या संगणकांवरचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) बदललं, फरक नाही. उलट आता लाइट जाऊन आली की बराच वेळ कक्ष ठप्प असतो.
– संगणक शिक्षक, देवगड तालुका

उत्तर : सर, 'आधी थांबतं, मग एकदम येतं' हे तुम्ही लिहिलंत तिथेच निम्मं निदान झालं. लाइन भरलेली असती तर पान तुकड्यातुकड्याने, रखडत आलं असतं. इथे सुरुवातच होत नाही, आणि थांबणं पाच किंवा दहा सेकंदांचं आहे. पाच हा आकडा योगायोगाचा नाही. एका डीएनएस सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर स्क्विड मुळात ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ५ सेकंद वाट पाहतं आणि मग पुढच्या सर्व्हरला विचारतं. तुमच्याकडे यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला असणार. ब्रॉडबँड बदललंत तेव्हा जुन्या कंपनीचा पत्ता प्रॉक्सीच्या संगणकावर तसाच राहिला असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

मुलांच्या संगणकांवर डीएनएस बदलून उपयोग का झाला नाही? ब्राउझरला प्रॉक्सी नेमून दिली की साइटचं नाव शोधण्याचं काम ब्राउझर करतच नाही, ते प्रॉक्सी करते. म्हणजे औषध हवं होतं एकाला आणि दिलं गेलं बावीस जणांना.

प्रॉक्सीच्या संगणकावर बसा. 'एटसी' फोल्डरातली 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' ही फाइल उघडा आणि त्यात 'नेमसर्व्हर'पुढे जेवढे पत्ते आहेत ते कागदावर लिहा. मग 'डिग' ही आज्ञा प्रत्येक पत्त्याला वेगवेगळी विचारा : डिग, साइटचं नाव, मग ॲटचं चिन्ह आणि त्याला जोडून सर्व्हरचा पत्ता. उत्तराच्या शेवटी 'क्वेरी टाइम' मिलिसेकंदांत येतो. ५० च्या आतबाहेर असेल तर ठीक. 'टाइम्ड आउट' आलं तर चोर सापडला. प्रत्येक वेळी नवीन साइटचं नाव घ्या, कारण एकदा विचारलेलं नाव सर्व्हरच्या लक्षात राहतं आणि दुसऱ्या खेपेला आकडा फसवा येतो.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. स्क्विडच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'डीएनएस_नेमसर्व्हर्स' ही ओळ घाला आणि तिच्यापुढे चालू असलेले दोन पत्ते द्या : एक राउटरचा, एक सार्वजनिक (८.८.८.८ किंवा १.१.१.१). मग 'स्क्विड डॅश के पार्स' चालवून फाइलमध्ये चूक नाही ना ते पाहा आणि 'स्क्विड डॅश के रिकॉन्फिगर' द्या. हे शेवटचं विसरू नका. स्क्विड डीएनएसचे पत्ते सुरू होताना वाचतं. नुसती फाइल बदलून ठेवली तर ते जुन्याच पत्त्यांना विचारत राहतं, आणि माणूस म्हणतो की डीएनएसही बदललं, फरक नाही.

आता लॉगमधले साठ हजार. 'ॲक्सेस डॉट लॉग'मधला दुसरा रकाना मिलिसेकंदांचा आहे हे बरोबर. पण ज्या ओळीत 'टीसीपी_टनेल' लिहिलेलं असतं तिथे तो आकडा पान येण्याचा वेळ नसतो, ते कनेक्शन एकूण किती वेळ उघडं राहिलं तो असतो. मुलाने पान उघडून मिनिटभर वाचलं की साठ हजार. आजच्या जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर (मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याच्या पद्धतीवर) असल्याने लॉग अशाच ओळींनी भरलेला असतो. त्यांना घाबरू नका आणि त्यांवरून वेगही ठरवू नका. वेग पाहायचा तर 'टीसीपी_मिस'च्या, म्हणजे पान बाहेरून आणावं लागल्याच्या, ओळी पाहा.

कॅशेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : ती डिस्कवर ठेवूच नका. एकाने उघडलेलं पान दुसऱ्याला डिस्कवरून द्यायचं, हा प्रॉक्सीचा फायदा साध्या एचटीटीपीच्या काळातला. एचटीटीपीएसमध्ये प्रॉक्सीला फक्त साइटचं नाव कळतं, आतला मजकूर कुलूपबंद जातो, मग साठवणार काय? लॉगमध्ये 'हिट' शब्द असलेल्या (साठवणीतून दिलेल्या पानांच्या) ओळी मोजून एकूण ओळींशी ताडून पाहा. शंभरात पाचही निघाल्या नाहीत तर १०० जीबी केवळ ओझं आहे. ओझं शब्दशः : डिस्कवरच्या प्रत्येक जीबीमागे ६४ बिटी स्क्विडला सुमारे १४ एमबी रॅम सूचीसाठी लागते. पूर्ण भरलेल्या १०० जीबीला झाली १.४ जीबी, तीही ४ जीबीच्या संगणकात. लाइट गेल्यावरचं ठप्प होणं याच कॅशेमुळे आहे. संगणक नीट बंद झाला नाही की स्क्विड पुढच्या वेळी डिस्कवरची फाइल न् फाइल तपासून सूची पुन्हा बांधतं, आणि जुनी हार्डडिस्क तेवढा वेळ दुसऱ्या कशाला मोकळी नसते. 'कॅशे डॉट लॉग'मध्ये 'स्टोअर रीबिल्डिंग' आणि पुढे टक्के दिसतील. 'कॅशे_डिर'ची (डिस्कवरच्या कॅशेची) ओळ काढा, 'कॅशे_मेम' (रॅममधली कॅशे) २५६ एमबी राहू द्या, स्क्विड बंद करून पुन्हा सुरू करा. आपल्याकडे जूनपासून लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा प्रॉक्सी आणि राउटर दोन्ही एका छोट्या यूपीएसवर असलेले बरे.

साइट अडवण्याची यादी कशी लिहिली आहे तेही तपासा. 'यूआरएल_रेजेक्स'खाली (सबंध पत्त्यात शब्द शोधणारी गाळणी) हजारो शब्द घातले असतील तर प्रत्येक मागणी त्या हजारो ओळींशी एकेक करून ताडली जाते. तीच नावं 'डीएसटीडोमेन'खाली (फक्त साइटचं नाव पाहणारी गाळणी), प्रत्येक नावाच्या आधी टिंब देऊन लिहा, शोध झटपट होतो. एचटीटीपीएसमध्ये पत्त्याचा पुढचा भाग तसाही दिसत नसल्याने शब्दांच्या गाळणीचा उपयोग नाममात्र आहे. यावर कुणी तुम्हाला कुलूप फोडून आतला मजकूर वाचण्याची सोय सुचवेल. शाळेत तिच्या वाटेला जाऊ नका. प्रत्येक संगणकावर प्रमाणपत्र बसवावं लागतं, काही सेवा चालेनाशा होतात आणि मुलांचे पासवर्ड प्रॉक्सीच्या हाती येतात.

राहिली एक मर्यादा, जी तास सुरू असतानाच बोचते. क्रोम एका प्रॉक्सीशी एका वेळी ३२ पर्यंत कनेक्शनं उघडतो. २२ संगणक म्हणजे ७०४, आणि प्रॉक्सीला तेवढीच बाहेर उघडावी लागतात : १४०८. लिनक्स प्रत्येक कनेक्शनही एक उघडी फाइलच धरतं, आणि जुन्या बसवणीत एकावेळी उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा १०२४ असते. 'कॅशे डॉट लॉग'मध्ये 'रनिंग आउट ऑफ फाइलडिस्क्रिप्टर्स' दिसलं तर 'मॅक्स_फाइलडिस्क्रिप्टर्स ४०९६' ही ओळ घाला आणि स्क्विड पुन्हा सुरू करा. पण हे सगळं एकाच दिवशी करू नका. आज डीएनएस, उद्या कॅशे. नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर आम्ही प्रॉक्सी कधीच लावली नाही. तरी प्रॉक्सी जोडली जात नसल्याचा संदेश येतो, कधी पान येतं, कधी नाही. – राजापूर

उत्तर : विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी. 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू असेल आणि पत्त्यात १२७.०.०.१ असेल, तर लॅपटॉपवरच्याच एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःला मधे बसवून घेतलं आहे. बंद करा. बंद करूनही ते पुन्हा चालू झालं तर तो प्रोग्रॅम अजून जिवंत आहे. अलीकडे टाकलेले फुकटचे व्हीपीएन (इंटरनेटवरून खासगी वाट काढणारे प्रोग्रॅम) आणि डाउनलोडर काढा, ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा आणि पूर्ण स्कॅन करा. तोवर त्या लॅपटॉपवरून बँकेचं काम करू नका.

प्रश्न : आमची पतसंस्थेची शाखा आहे. प्रॉक्सी रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयात, आणि आम्ही व्हीपीएनने तिच्यापर्यंत जातो. साधी पानं लगेच उघडतात, पण काही साइटवर चक्र नुसतं फिरत राहतं. मेलला फाइल जोडली की ती जातच नाही. पिंग (छोटं पाकीट पाठवून उत्तर येतं का ते पाहणं) मात्र चांगला येतो. मुख्य कार्यालयात हाच त्रास नाही. – चिपळूण

उत्तर : लहान ते जातं, मोठं अडतं. हा वेगाचा प्रश्नच नाही, पाकिटाच्या (नेटवर माहिती ज्या तुकड्यांत जाते त्या तुकड्याच्या) आकाराचा आहे. समजा, घाटाच्या तोंडाशी उंचीची कमान लावली. रिक्षा जातील, भरलेला ट्रक अडेल. अडलेल्या ट्रकची खबर मालकाला मिळाली तर तो माल दोन टेम्पोंत घालून पाठवेल. तुमच्याकडे ती खबर कुणीतरी मधेच गिळतोय. बहुतेक वेळा एखाद्या फायरवॉलवर 'सुरक्षेसाठी' सगळे आयसीएमपी संदेश (वाटेतल्या अडचणी कळवणारे) बंद केलेले असतात.

साधं पाकीट १५०० बाइटचं. फायबरचं कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं असेल तर त्यातले ८ बाइट वेष्टनात जातात, उरले १४९२. त्यावर व्हीपीएनचं वेष्टन चढलं की आणखी कमी. किती, ते मोजून काढा. शाखेतल्या विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि प्रॉक्सीच्या पत्त्याला पिंग करा : पिंग, डॅश एफ, डॅश एल, १४७२, मग पत्ता. 'एफ' म्हणजे पाकीट फोडू नको, 'एल' म्हणजे आतल्या मजकुराचा आकार. साधा पिंग येतोय आणि १४७२ ला 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' होतंय, तर खबर गिळली जात असल्याचा हाच पुरावा. 'नीड्स टु बी फ्रॅगमेंटेड' असं उत्तर आलं तर खबर निदान तुमच्यापर्यंत पोचते आहे, मग हाच प्रयोग उलट बाजूने, प्रॉक्सीकडून शाखेकडे करून पाहा. आता आकडा उतरवत जा : १४६४, १४००, १३८०, १३७२. ज्या सर्वांत मोठ्या आकड्याला उत्तर येतं त्यात २८ मिळवा, तो तुमच्या वाटेचा एमटीयू, म्हणजे मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पाकिटाचा आकार. समजा १३७२ ला आलं आणि १३७३ ला नाही, तर एमटीयू १४००.

खात्रीसाठी एकाच संगणकावर तात्पुरता एमटीयू लावून पाहता येतो. 'नेटएसएच' आज्ञेत 'स्टोअर'ला 'ॲक्टिव्ह' दिलं की संगणक पुन्हा सुरू केल्यावर जुनी स्थिती परत येते, म्हणून धोका नाही. तेवढ्याने फाइल जायला लागली की निदान पक्कं. कायमचा उपाय व्हीपीएनच्या दोन्ही टोकांच्या राउटरवर : 'एमएसएस क्लॅम्प' (पाकिटातल्या मजकुराचा आकार आधीच आवरणारी सोय) चालू करून आकडा एमटीयू वजा ४०, म्हणजे वरच्या उदाहरणात १३६०. एकाच टोकाला करून थांबू नका. आणि फायरवॉल सांभाळणाऱ्यांना सांगा की आयसीएमपी सरसकट बंद करू नये, 'फ्रॅगमेंटेशन नीडेड' हा संदेश जाऊ द्यावा.

प्रश्न : घरून काम करते. कंपनीच्या लॅपटॉपवर प्रॉक्सीची आपोआप सेटिंग आहे. प्रत्येक नवीन साइटला क्रोमच्या खालच्या कोपऱ्यात 'रिझॉल्व्हिंग प्रॉक्सी' दिसत राहतं. माझ्याच मोबाइलवर तीच साइट लगेच उघडते. फायबर बदलू का? – दापोली

उत्तर : नको, फायबरचा दोष नाही. तुम्ही वाचलेल्या त्या दोन शब्दांतच उत्तर आहे. आपोआप सेटिंग म्हणजे पॅक नावाची एक लहानशी स्क्रिप्ट. प्रत्येक पत्त्याला ती ठरवते की प्रॉक्सीतून जायचं की थेट. 'रिझॉल्व्हिंग प्रॉक्सी' म्हणजे हा निर्णय अजून होतो आहे, बाहेर काही गेलेलंच नाही. सहसा कारण असं : स्क्रिप्टमध्ये 'इझइननेट' किंवा 'डीएनएसरिझॉल्व्ह' अशी कार्यं असतात. ती चालवायला लॅपटॉपला आधी नावाचा आयपी पत्ता शोधावा लागतो. कार्यालयात कंपनीचा डीएनएस शेजारीच असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. घरी तो व्हीपीएनपलीकडे असतो, किंवा नसतोच.

कंपनीचा लॅपटॉप असल्याने तुम्ही स्वतः काही बदलू नका, पण आयटीवाल्यांना नेमकं सांगा : स्क्रिप्टमध्ये आधी नुसत्या नावावरून निकाल लागणाऱ्या ओळी (डीएनएसडोमेनइझ, एसएचएक्सपीमॅच) घ्याव्यात, पत्ता शोधायला लावणाऱ्या ओळी शेवटी ठेवाव्यात किंवा काढाव्यात. स्क्रिप्टचा पत्ता थेट दिलेला असेल तर 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज' बंद करता येईल का, तेही विचारा. ते चालू असलं की लॅपटॉप घरच्या नेटवर्कमध्येही स्क्रिप्ट शोधत बसतो.

प्रॉक्सी कुठल्या गावी आहे तेही विचारून घ्या. ती फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी असेल आणि जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद लागत असतील, तर नव्या साइटसाठी निदान चार फेऱ्या होतात : प्रॉक्सीशी जोडणी, तिला साइटचं नाव सांगणं, कुलपाची देवाणघेवाण आणि पहिली मागणी. ५२० मिलिसेकंद इथेच गेले. साइटचा सर्व्हर मुंबईत असेल तर बातमी दापोलीहून युरोपात जाऊन मुंबईला येते आणि त्याच वाटेने परत जाते. हे अंतर कुठल्याही फायबर प्लॅनने कमी होत नाही. भारतातली प्रॉक्सी मिळते का, हाच खरा प्रश्न.

प्रश्न : वाचनालयात ८ संगणक, ४० एमबीपीएस, स्क्विड. महिन्यातून एखाद्या बुधवारी सकाळी सगळं बसतं. इंटरनेटवर वाचून विंडोज अपडेट साठवण्याच्या दोन ओळी घातल्या, तर आता दिवसभर बसतं. – रत्नागिरी

उत्तर : बुधवार बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तेव्हा आपल्याकडे मंगळवारची रात्र असते, आणि तुमचे संगणक सुरू होतात बुधवारी सकाळी. समजा एकेक अपडेट ७०० एमबीचं. आठ संगणकांचं झालं ५.६ जीबी. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजेच ५ एमबी (८ बिटांचा एक बाइट), तेव्हा जवळजवळ १९ मिनिटं लाइन पूर्ण भरलेली.

तुम्ही घातलेल्या ओळी 'रेंज_ऑफसेट_लिमिट नन' आणि 'क्विक_ॲबॉर्ट_मिन उणे १' याच असाव्यात. विंडोज अपडेट तुकड्यांनी मागवतं. पहिली ओळ स्क्विडला सांगते की तुकडा मागितला तरी सबंध फाइल आण. दुसरी सांगते की मागणारा निघून गेला तरी आणत राहा. फाइल कॅशेच्या मर्यादेपेक्षा मोठी असेल तर ती साठत नाही, आणि पुढच्या तुकड्याला पुन्हा पहिल्यापासून आणली जाते. दोन्ही ओळी काढा.

त्याऐवजी प्रत्येक संगणकावर विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू करून 'लोकल नेटवर्क'वरची उपकरणं एवढाच पर्याय निवडा. मग ते एकमेकांकडून तुकडे घेतात. तरी बाकी राहिलं तर स्क्विडच्या 'डिले_पूल्स'ने 'विंडोजअपडेट डॉट कॉम' आणि 'डिलिव्हरी डॉट एमपी डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम' यांना १० एमबीपीएसचा लगाम घाला. तिथे आकडा बाइटमध्ये लागतो, बिटमध्ये नाही : १२५००००. गणपतीत चाकरमानी आल्यावर सगळ्या वाडीचं नेट मंद होतं तो आजार वेगळा, त्याला स्क्विडमध्ये औषध नाही.

प्रश्न : ऑनलाइन फॉर्म भरण्याचं केंद्र आहे. सहा संगणक एकाच प्रॉक्सीवर. खाडीकडच्या खिडकीजवळचे दोनच मंद, तेही पावसाळ्यात जास्त. प्रॉक्सी बदलून पाहिली. – मालवण

उत्तर : सहापैकी दोनच मंद असतील तर प्रॉक्सीला का बदललंत? दोष पहिल्या तुकड्यात, तारेत आहे. त्या संगणकावर इथरनेटच्या माहितीत 'लिंक स्पीड' पाहा. बाकीचे १००० दाखवत असताना हे १०० किंवा १० दाखवत असतील, तर तारेतल्या चार जोड्यांपैकी एखादी सुटली आहे. मग प्रॉक्सीला सलग ५०० पिंग करा (डॅश एन ५००). आपल्याच खोलीत एकही पाकीट हरवता कामा नये. दहा हरवली तरी पान रखडतं, कारण हरवलेलं प्रत्येक पाकीट पुन्हा मागवावं लागतं.

तार काढून प्लग उजेडात धरा. आठ धातूच्या पट्ट्यांवर हिरवट किंवा काळसर थर दिसला तर ती खाऱ्या हवेची करणी. पुसून चार दिवस भागेल. नीट करायचं तर टोकाची दोन-तीन सेंटिमीटर तार कापून नवा, जाड सोनेरी मुलाम्याचा प्लग क्रिम्प करा. कापलेल्या टोकाची एक बारीक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून तांबूस निघाली तर तार शुद्ध तांब्याची. पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ते दमट हवेत टिकत नाही आणि वाकवलं की तुटतं. तसं असेल तर प्लग बदलण्यात पैसे घालू नका, तारच बदला. दुसऱ्या टोकाचा प्लग आणि स्विचचं भोकही पाहा, थर दोन्हीकडे बसतो. नवी तार खिडकीच्या चौकटीतून आत घेताना बाहेरच्या बाजूला खाली एक झोल सोडा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी तारेवरून आत न येता तिथेच ठिबकेल.